तिसरं रीळ

एर्सिलिओने रोक्कासाल्वाच्या थिएटरात एकतीस वर्षं मशीन चालवलं, पण त्या मशीनची भीती त्याला वाटली ती एका शुक्रवारी सकाळी. नवा सिनेमा आला की खेळाच्या आदल्या दिवशी एकट्याने चालवून रिळांचे जोड तपासायचे, ही त्याची शिस्त. पूर्वी पाद्रीबुवांच्या हुकमावरून तो चुंबनं कापायचा, म्हणून गाव त्याला 'कात्री' म्हणायचं.

सिनेमा नेहमीसारखाच चावट होता. विसरभोळा दंतवैद्य, त्याची सासू, न्हाणीघराच्या दाराला भोक. एर्सिलिओ सिगारेट ओढत हसत होता. तिसऱ्या रिळात भोकापलीकडची मोलकरीण अंगावर नुसता फेस घेऊन वळली, आणि ती त्याची नीवेस निघाली! सव्वीस वर्षांची, रोमला शिवणकाम करते म्हणून पत्रं धाडणारी त्याची एकुलती लेक. सुरुवातीच्या पाट्यांत नाव भलतंच होतं. चेहरा मात्र आईचा.

उद्या चारच्या खेळाला खाटीक येणार, औषधवाला येणार, तिच्या आईच्या शवपेटीला खांदा दिलेले सगळे येणार.

निर्मात्याचा माणूस बुस्सोलाती कालच कॉफी पिताना म्हणाला होता, "देशातला पहिला खेळ ज्या गावात, खटला त्याच गावात. तुमचे न्यायाधीश म्हातारे, रंगेल. पण पलीकडच्या पिआनोरातला? उघडा गुडघा दिसला तरी सिनेमा जप्त, तोही देशभर! तिकडे चुकूनही नको हं, कात्रीदादा."

एर्सिलिओने कात्री उचलली नि परत ठेवली. इथे कापून काय उपयोग? बाकीच्या प्रती गावोगाव फिरणारच. जप्ती आली तर मात्र सगळ्याच कुलपात. दुपारच्या बसवर त्याने रिळांचे डबे चढवले आणि पिआनोराच्या थिएटरातल्या मशीनवाल्या अदेल्मोला फोन केला.

"माझ्या मशीनचा दिवा गेलाय. आजच लाव बाबा, मालकांना घाई आहे."

"लावतो की! त्यात काय एवढं?" अदेल्मो बिचारा भोळा.

शनिवारी जप्ती झाली. एर्सिलिओने बायकोच्या फोटोपुढे मेणबत्ती लावली आणि पोटभर जेवला. लेक वाचली म्हणे! मूर्ख माणूस. कोर्टाच्या कागदावर खोटी नावं चालत नाहीत, एवढंही त्याला सुचलं नाही.

तीन आठवड्यांनी ठाण्याचा हवालदार दारात उभा.

"तुम्ही आरोपी नाही, घाबरू नका. अदेल्मोवर खटला आहे, म्हणून कोर्टाला मशीनवाला हवाय. न्यायाधीशसाहेब सगळा सिनेमा भरकोर्टात बघणार."

"आणि... आरोपी कोण कोण?"

"मालक, दिग्दर्शक, उघड्या दिसलेल्या सगळ्या बायका. खऱ्या नावानिशी." हवालदाराने मान खाली घालून यादी पुढे केली. "एर्सिलिओ, पेपरात उद्या येईल. तुम्ही आजच वाचा."

पिआनोराच्या कोर्टात भिंतीवर पांढरी चादर ताणली होती. वकील, पत्रकार, दोन्ही गावचे रिकामटेकडे, मुंगी शिरायला जागा नाही. आरोपींच्या बाकावर नीवेस करड्या कोटात आक्रसून बसली होती. बापाला बघून तिचा चेहरा उजळला.

"पापा! माझ्यासाठी आलात?"

मग तिला त्याचा मशीनवरचा हात दिसला. एर्सिलिओने पहिलं रीळ मशीनवर चढवलं.

खिडक्या झाकल्या. पहिलं रीळ झालं, दुसरं झालं. तिसऱ्यात ती वळली तसा न्यायाधीशाने हात वर केला.

"थांबवा. ही कोण? उभी राहा."

नीवेस उभी राहिली.

"नीट दिसलं नाही. मागे घ्या, पुन्हा दाखवा."

कोर्टातले सगळे मशीनकडे वळून बघू लागले. एर्सिलिओने रीळ मागे फिरवलं.