पोती नाचत नाहीत

धुळ्याहून रोज जळगावला एसटीनं. पारोळ्यापर्यंत झोप, पुढे झोपेचं नाटक. त्या वर्षी माझी साईट म्हणजे एक बंद पडलेली डाळमिल. तिचं मंगल कार्यालय करायचं होतं. खाली पंगत, वरच्या माळ्यावर लग्न आणि डीजेवर नाच. इंजिनिअर आमचे सर, धावपळ माझी.

सर बोलायच्या आधी तीनदा खाकरतात, चष्मा कपाळावर चढवतात आणि नाकातून म्हणतात, "बघा, गर्डर खोटं बोलत नाही." मी ही नक्कल इतकी करायचो की गवंडी चहाच्या आधी तीच मागायचे.

तीच नडली. माळ्याचे जुने लोखंडी गर्डर तपासून सर म्हणाले, नाच वर नको, नाहीतर खाली मधोमध चार खांब घ्या. मालकांना सांगायला मला पाठवलं. मी सांगितलं. गवंडी हसले, म्हातारे मालक आबाही हसले. "खाकरायचं राह्यलं रे भाऊ!"

"आबा, नक्कल नाही. खरंच सांगतोय."

"मना बाप आठे माळावर तूरना बठ्ठा पोता रची ठेवे. कधी काय व्हयनं का? अन् पंगत काय खांबाला टेकून बसवू?"

"पोती नाचत नाहीत ना, आबा."

पुन्हा हशा. पाच दिवस हेच. खांबाचं नाव काढू नको म्हणाले. पहिलं लग्न त्यांच्याच नातीचं, पत्रिका छापायला गेलेल्या. शंभर पोरं एका ठेक्यावर उड्या मारताना मला एसटीतही दिसायची. पारोळ्यापर्यंतची झोपही गेली.

सहाव्या दिवशी बोलायचाच कंटाळा आला. सरांना फोन करून विचारलं, वर किती जणांना नाचवू; सहा माणसं चालतील म्हणाले. माळ्याच्या मधोमध आबांना खुर्ची दिली, शेजारी स्टुलावर काठोकाठ भरलेला तांब्या. मोबाईलवर वरातीचं गाणं लावलं आणि सहा गवंड्यांना म्हटलं, नाचा.

नाचले की! पाणी आधी थरथरलं, मग सांडलं, थेट आबांच्या धोतरावर. आबांनी दोन्ही हातांनी खुर्ची धरली.

"बंद कर रे."

गवंडी थांबले. पाणी जरा वेळ हलतच होतं.

"हाई तं सहाच जण शेतस," आबा म्हणाले. धोतराचा सोगा पिळला. मग म्हणाले, "नाच खाली घ्या. पंगत वर. जेवणारा माणूस उड्या मारत नाही."

सरांना कळवलं. तीनदा खाकरून म्हणाले, "चालेल." म्हणजे स्वयंपाकघर वर, जिना रुंद, नळ, सांडपाणी, बठ्ठे म्हणजे सगळेच नकाशे पहिल्यापासून. काढणारा मीच.

संध्याकाळी गवंडी म्हणाले, "सरांचं करा ना एकदा." मी तोंड उघडलं. खाकरणं आलं, पण ते नकलेचं नव्हतं, धुळीचं होतं. तरी हसले.