शेततळ्यातली चाचणी फेरी

"समुद्र हितनं किती लांब हाय, हे भावजींना कुणी सांगितलंय का?" काकू आईला विचारत होती.

मी बोटीच्या आत बसून नटबोल्ट मोजत होते, हे दोघींनाही माहीत नव्हतं. (मी कुठे आहे हे सहसा कुणाला माहीत नसतं. एवढ्या एकाच गोष्टीत मी तरबेज आहे.)

काकूचा प्रश्न रास्त होता. आमचं गाव कवठे महांकाळ तालुक्यात. इथे एक बादली सांडली तरी चार माणसं हळहळतात. पण पप्पा फौजेत असताना शिडाच्या बोटी चालवायला शिकले होते. निवृत्त झाल्यावर लोक प्लॉट घेतात. पप्पांनी रत्नागिरीहून चोवीस फुटी जुनी शिडाची बोट घेतली आणि दुरुस्तीसाठी ट्रेलरवर घालून, घाट चढवून, थेट तात्यांच्या द्राक्षबागेत आणून उभी केली. तात्या म्हणजे पप्पांचे थोरले भाऊ.

बेत असा होता: दिवाळीनंतर रत्नागिरीहून निघायचं आणि किनारा सोडून भर समुद्रातून लक्षद्वीप गाठायचं. पप्पा कप्तान, मी खलाशी. माझी निवड गुणवत्तेवर झाली नव्हती. बोटीचं माहितीपुस्तक इंग्रजीत होतं आणि घरात इंग्रजी माध्यमाची मी एकटीच होते.

चार महिने तयारी चालली. फटी बुजवल्या, दोर बदलले, डोलकाठी घासली, पिण्याच्या पाण्याच्या टाक्या बसवल्या. पप्पांची यादी फौजी होती, प्रत्येक वस्तूपुढे खूण. घरच्यांची यादी वेगळी होती. काकूने पंचवीस किलो ज्वारीचं पीठ आणि गोणीभर भडंग आणून ठेवलं. "मदी कुठं हाटेल न्हाई म्हणं," ती म्हणाली. तात्यांनी बोटीत शिरलेलं पाणी उपसायला बागेचा औषधाचा पंप आणून बसवला. तो पाणी उपसत नाही, फवारतो, हे पप्पांनी त्यांना तीनदा सांगितलं.

"असू दे की," तात्या म्हणाले. "समुद्रात चाचं आलं लुटाय तर फवारायचं."

मग एप्रिलमध्ये तात्यांनी पप्पांजवळ विषय काढला. "इलास, नवी गाडी घेतली की माणूस गावात एक फेरी मारतो. समुद्रात तुला आपलं कोण बघणार? हिची फेरी तळ्यात मार."

"तात्या, ट्रायल समुद्रातच घ्यायची असते."

"आन् तितं गळाय लागली तर? हितं गळली तर हात धरून भाईर काढतो."

हा मुद्दा बिनतोड होता.

तळं म्हणजे तात्यांचा जीव. बागेची छाटणी झालेली, पाऊस दोन महिने लांब आणि बागेचं सगळं पाणी त्या प्लॅस्टिक अंथरलेल्या शेततळ्यात. चपलेतला खडा प्लॅस्टिकला लागेल म्हणून तात्या काठावर कुणाला चप्पल घालू देत नसत. त्याच तळ्यात दोन टनांची बोट, पोटाखाली साडेचार फुटी लोखंडी पातं घेऊन, क्रेनने उतरली. तात्यांनी क्रेनवाल्याला चप्पल काढायला लावली.

चाक नसल्यामुळे लिंबू कशाखाली ठेवायचं, यावर दहा मिनिटं चर्चा झाली. शेवटी काकूने ते डोलकाठीला बांधलं. पप्पा सुकाणूशी बसले. शिडामुळे त्यांना समोरचं दिसत नव्हतं, म्हणून मला टोकाशी उभं केलं. काठ वीस फुटांवर आला की "वळा" म्हणून ओरडायचं. एवढंच काम.

दुपारचा वारा सुटला, शीड फुगलं आणि बोट निघाली. खरं सांगते, सुंदर निघाली. सगळं गाव काठावर अनवाणी उभं होतं. तात्या बोटीबरोबर काठाकाठाने पळत होते.

"आत थेंब तरी आला का रं?"

"एकसुद्धा नाही!" पप्पा शिडामागून म्हणाले.

काठ चाळीस फुटांवर आला. तीस. वीस. मी तोंड उघडलं. समोर निदान साठ मोबाइल माझ्याकडे रोखलेले होते.

मग खालून साडी फाटल्यासारखा आवाज आला. साडी बरीच मोठी असावी.

पाणी कुठे जातंय ते दिसत नव्हतं. फक्त काठ उंच होत चालला होता. संध्याकाळपर्यंत साडेचार फूट पाणी जमिनीत जिरलं आणि बोट फाटक्या प्लॅस्टिकवर कलंडली. आतून ती अगदी कोरडी होती. चाचणी यशस्वी झाली होती.

उरलेलं पाणी जेमतेम अर्ध्या बागेला पुरलं असतं. तात्या त्याच्याकडे बघत बसले होते. "ऱ्हायलेल्या अर्ध्या बागंला काय घालू? भडंग?"

"वारा फिरला, तात्या," पप्पा म्हणाले.

"चोवीस वर्सं फौजेत काय वारा खात हुतास व्हय?"

पप्पा म्हणाले, "बोट विकतो. उद्याच. येईल त्यात बागेला टँकर आणू."

चार महिने हा माणूस हातात पॉलिशपेपर घेऊन झोपायचाच काय तो बाकी होता. आणि वारा तर अजिबात फिरला नव्हता. ते पप्पांना माहीत होतं आणि मला.

"तात्या," मी म्हणाले. दोघेही दचकले. "टँकरचं आपण बघू, पण बोट विकायला नको. चूक पप्पांची नाही. काठ आला की ओरडायचं काम माझं होतं."

तात्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "मग वरडली न्हाईस व्हय गं?"

"ओरडले की," मी म्हणाले. "'एक्सक्यूज मी, पप्पा' असं."