सव्वासहाचं कलम

सकाळी काकूंकडे सोडताना ओवीच्या पिशवीत दोन फ्रॉक, एक डबा आणि एक बाटली असते. संध्याकाळी परत येते तेव्हा त्यात कुणाचा तरी एक मोजा, अर्धं बिस्किट आणि एक किस्सा जास्तीचा असतो. मोजे मी परत करते, बिस्किटं मुंग्यांना जातात. किस्से मात्र दोन वर्षांत इतके साठलेत की ऐकवल्याशिवाय आता इलाज नाही!

काकू म्हणजे सुधाकाकू. देवासात आमच्या कॉलनीच्या टोकाला त्यांचं पाळणाघर आहे, इथल्या बोलीत झूलाघर. पुढच्या दोन खोल्यांत आठ मुलं, मागे काकू आणि त्यांचे यजमान, रिटायर्ड मास्तर असलेले अण्णा. ओवी दहा महिन्यांची होती तेव्हापासून तिथे जाते. मी इंडस्ट्रियल एरियातल्या एका कंपनीत, क्वालिटीत. माझं माहेर धारला, सासर बागलीला, म्हणजे दोन्ही आज्या बसच्या अंतरावर. गणित सरळ आहे: काकूंकडची जागा गेली की माझी नोकरी गेली. आणि जागा आठच!

* * *

आधी काकूंचं सगळं तोंडी चालायचं. मग एक कुटुंब दोन महिन्यांची फी न देताच बदली होऊन निघून गेलं. काकूंनी फोन केला तर म्हणे, "अहो, आपल्यातल्या आपल्यात काय हिशेब!"

काकू मला म्हणाल्या, "तू शिकलेली आहेस. एक कागद करून दे."

कंपनीत ऑडिटचे कागद मीच करते, त्यामुळे हात बसलेला. अख्खा रविवार घालवून अकरा कलमांचा करार केला. फी पाच तारखेच्या आत. गैरहजेरीची वजावट नाही. ताबा सव्वासहाच्या आत, नंतर दर दहा मिनिटांना वीस रुपये. आणि महिन्यात तीनदा उशीर झाला तर पुढच्या महिन्यापासून जागा दुसऱ्याला. या शेवटच्या कलमाचा तर मला फार अभिमान होता. किती कडक!

काकूंनी चष्मा लावून शेवटपर्यंत वाचलं. मग कागद उलटा करून मागची कोरी बाजूही बघितली.

"छान झालंय. पण यात मुलं कुठायत गं?"

मी सगळीकडे 'लाभार्थी' लिहिलं होतं!

* * *

सुधारलेल्या करारावर पहिली हरकत गोपूच्या वडिलांची, सोलंकी भियांची (इथे भैयाचा भिया होतो). भिया मूळचे टोंकखुर्दचे, मंडीत सोयाबीनचा व्यापार. भाव केल्याशिवाय त्यांनी आजवर मीठसुद्धा घेतलं नसेल.

"काकी, गोपू दोपहर में तीन घंटे सोता है। सोते टाइम का काहे का पैसा? सोता बच्चा तो कुछ मांगे भी नी!"

मला वाटलं, आता भांडण. पण काकू म्हणाल्या, "बरोबर है भिया. एक बजे ले जाओ, घर सुलाओ, चार बजे ले आओ. तीन घंटे का पैसा काट दूंगी."

भियांना सौदा पटला. दुसऱ्या दिवशी एक वाजता ते बाइकवर गोपूला घेऊन गेले आणि पावणेदोनला परत आले. गोपू टक्क जागा, मुठीत भियांचा चष्मा. भियांचे केस विस्कटलेले.

"पूरी फीस ले लो, काकी। और हो सके तो मेरे को भी यहीं सुला दो!"

* * *

कडक कलमाचा पहिला बळी कोण? अर्थात मीच! करार लागू होऊन आठवडाही झाला नव्हता, आणि मी पोचले सहा चाळीसला.

"काकू, सव्वासहा म्हणजे पंधरा मिनिटं इकडेतिकडे चालतंच ना?"

"कुठे लिहिलंय?"

"लिहिलं नाहीये, पण लिहिताना माझ्या मनात होतं..."

"मग त्या पंधरा मिनिटांचे तू मनातल्या मनात दे. बाकी दहाचे वीस रुपये इथे ठेव."

घरी येऊन मी हे नवऱ्याला, निखिलला, फार दुखावल्या आवाजात सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे पन्नासऐवजी वीसच घेतले? तुझ्यापेक्षा बऱ्याच नरम आहेत!"

* * *

मग ओवीला ताप आला. सहा दिवस ती घरी. धारहून आई आली आणि आल्या आल्या तिने विचारलं, "मूल घरी, मग फी कसली?" आईसमोर मी नेहमी सातवीत असते. त्यामुळे सातव्या दिवशी स्कूटीवर भाषणाची प्रॅक्टिस करत गेले. माणुसकी, आजारपण, अपवाद, सगळे मुद्दे क्रमाने.

काकूंनी दार उघडलं आणि मी तोंड उघडायच्या आत ओवीच्या कपाळाला हात लावला. "उतरला का गं? रोज वाटायचं, आज येईल. रोज तिची पेज करून ठेवली."

मी मुद्दा क्रमांक एक विसरले.

"सहा दिवसांची पेज वाया थोडीच घालवायची? ह्यांना खायला घातली. आता ह्यांच्या हालाची फी कुणी द्यायची, सांग."

मागच्या खोलीतून अण्णांचा क्षीण आवाज आला, "फी नको. आज पोळी कर म्हणावं!"

मी पूर्ण फी दिली. आईला सांगितलं, बोलणी सन्मानाने पार पडली.

* * *

आणि आता मार्च महिना. कंपनीत एकावर एक ऑडिट. वीस तारखेपर्यंत माझे दोन उशीर झाले होते. तिसरा झाला की जागा गेली, आणि नव्या कॉलनीतली एक आई रोज काकूंच्या फाटकाशी थांबून विचारायची, "कोई सीट खाली हुई क्या?" सासूबाई बागलीहून फोनवर म्हणाल्या, "एवढी ओढाताण कशाला? दे सोडून." मला नोकरी सोडायची नव्हती. मला ती आवडते. हे वाक्य मोठ्याने म्हणायलाही मला दोन वर्षं लागलीत.

एकतीस तारखेला चार वाजता बातमी: ऑडिटवाले सातपर्यंत थांबणार. निखिल इंदूरला. शॉप फ्लोअरवर फोन न्यायची परवानगी नाही. लॉकरमध्ये ठेवण्याआधी घाईघाईने काकूंना मेसेज केला, "आज बहुतेक उशीर होईल. सॉरी." काकूंनी उत्तरात नुसता अंगठा पाठवला.

पुढचे दोन तास मी ऑडिटरला रजिस्टरं दाखवत होते आणि डोक्यात तो अंगठा. बरं, ठीक आहे, असा अंगठा? की झालं तुझं, असा? सहा वाजून गेले. राजीनाम्याची पहिली ओळसुद्धा मनात जुळली.

तेवढ्यात गेटवरचा गार्ड धापा टाकत आत आला.

"मैडम, गेट पे आपकी डिलिवरी आई है। साइन मांग रहे हैं।"

"कसली डिलिवरी?"

"बच्ची है, मैडम।"

मी ऑडिटरकडे बघितलं. ऑडिटर म्हणाले, "जाइए, जाइए!" मी धावले.

गेटवर ई-रिक्षा उभी. त्यात काकू, काकूंच्या मांडीवर ओवी, ओवीच्या मांडीवर पिशवी. काकूंनी गार्डकडून त्याचं रजिस्टर आधीच मागून घेतलं होतं. वेळ लिहिलेली: सहा अकरा.

"सव्वासहाच्या आत ताबा. कुठे द्यायचा, ते तू लिहिलेलं नाहीस. कर सही."

मी सही केली. ओवी माझ्या कडेवर आली आणि सगळ्यात आधी गार्डची शिट्टी मागू लागली.

"काकू..." म्हणत मी पिशवीही खांद्याला अडकवली.

"हं, हं. चाळीस रुपये काढ."

"चाळीस? इथवर यायचे तर वीस होतात ना?"

"आणि परत जायचे? मी काय आता तुझ्या कंपनीतच राहू?"