कोरडी कॅपसूल आणि पहिलं जाळं

सन दोन हजार तेवीस. मी तेव्हा अडुसष्ट वर्षांचा होतो आणि माझ्या नाकागालांवर लाल पुटकुळ्या आल्या होत्या. "बुढ्याले जवानी फुटली," म्हणून तलावावरची पोरं हसत. त्यांना काय कळते? पण चेहरा जळत होता, म्हणून सुनेनं मला लाखनीला चामडीच्या डॉक्टरीणबाईकडे नेलं.

बाईनं कॅपसूल दिल्या. जेवणानंतर गिलासभर पाण्यासंग घ्या, घेतल्यावर अर्धा घंटा आडवे होऊ नका, उन्हात तोंड झाका, असं सांगितलं. मला राग आला. माझा जन्म तलावात गेला. एवढीशी कॅपसूल गिळायला मला पाणी लागते? मी थुंकीनंच गिळत होतो.

आमच्या गावात वर्षातून एकदा मोठ्या मासेमारीचा दिवस असतो. पहिलं जाळं मी टाकतो. बापानंतर तो मान माझाच. त्या वर्षी त्याच्या आदल्या दिवशी दुपारी जेवलो, कॅपसूल कोरडीच गिळली आणि खाटेवर पडलो. जरा डोळा लागला, तोच छातीत निखारा ठेवल्यासारखी आग झाली. थुंकी गिळवेना. मी समजलो, आपलं आटोपलं.

चुलतभाऊ धावत आला. तो आमच्या मच्छीमार सोसायटीचा अध्यक्ष.

"दादा, कसा वाटून रायला?"

"छाती जळून रायली."

तो जरा खाकरला. "मंग... उद्या दुपारपावतर टिकशीन का?"

"काय म्हनला?"

"तसा नाई गा. सुतक लागला त गावाचं जाल पान्यात पडत नाई. मासोऱ्या न्यायले बर्फाचा पिकप येऊन उभा हाये."

माझी म्हातारी चुलीजवळून उठली. "काहून गा, तुह्या मासोऱ्यासाठी माह्या मानसाले थांबवून ठेवू का?"

मला मरणाचं तेवढं वाटलं नाही. पण मी गेलो तर जाळंच पडणार नाही, आणि पुढल्या वर्षी पहिलं जाळं हाच टाकणार, हे त्याच्या तोंडावर दिसत होतं.

"गाडी काढ," मी म्हणालो.

गावात दुसरी गाडी नव्हती. बर्फाच्या पिकपमध्येच, लाद्यांवर पोतं टाकून मला बसवलं. मी आडवा होतो म्हणालो, तर सून म्हणाली, "मामाजी, झोपू नोका, लोक वेगळाच समजतीन." बसलो तरी तसंच झालं. थंडीनं कुडकुडत पांढरी चादर डोक्यावरून घेतली होती. रस्त्यानं लोक थांबून हात जोडत होते. एक दोघांना मीही जोडले. एकजण सायकलसकट नालीत गेला.

लाखनीत आधी दवाखान्यात छातीची ईसीजीची पट्टी काढली. हृदय ठीक निघालं. मग त्या डॉक्टरीणबाईनं विचारलं, "कॅपसूल घेताना पाणी किती पिलं?"

"थुंकी," मी म्हणालो.

"आणि मग?"

"झोपलो."

बाईनं चष्मा काढून टेबलावर ठेवला. कॅपसूल अन्ननळीत अडकून विरघळली, तिनं आतून भाजलं, असं मग सांगितलं. ती कॅपसूल बंद केली. पोळलेल्या जागेसाठी औषध दिलं आणि पुटकुळ्यांसाठी दुसरी गोळी. नियम तेच.

"पानी पिजा जी," चुलतभाऊ वाटेत म्हणाला. आवाजात जरा निराशा होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पेज पिलो, गोळी घेतली आणि वर लोटाभर पाणी प्यालो. तहान लागली होती म्हणून. मग अंगणात सरळ बसून राहिलो. चुलतभाऊ जाळ्याला हात लावून उभा होता. "ठेव तिथंच," मी सांगितलं. अर्धा घंटा झाल्यावर सुनेचा दुपट्टा तोंडाला गुंडाळून डोंग्यात चढलो. मागं म्हातारी गुडघाभर पाण्यात छत्री धरून उभी राहिली, आणि मी पहिलं जाळं टाकलं.