खुंटा जाग्यावरच हाय

सारसोळ्याच्या जेटीवर दर रविवारी मी ज्यांच्याकडून मासळी घेतो, ते काका विक्रीला बसण्याआधी एक मासा परत खाडीत टाकतात. का, ते सांगत नाहीत. मीही विचारायचं सोडलंय.

गेल्या आठवड्यात सोसायटीच्या ग्रुपवर व्हिडिओ आला. खाडीचं पाणी शिरतं त्या आमच्या तलावात लांब मानेचं जनावर पोहत होतं! मी तो काकांना दाखवला. त्यांनी जनावराकडे बघितलंच नाही. व्हिडिओतला काठचा ओला चिखल बघितला.

"ओहोटी हाय. पानी पलतंय, जालं बांदायचा खुंटा जाग्यावरच हाय. येवरं जनावर खरं असतं, त खुंटा हालला असता."

मी सुटकेने हसलो. "म्हणजे पाण्यात काहीच नाही ना?"

"मी तुमच्या व्हिडिओचं बोललो," काका म्हणाले, आणि टोपलीतला सगळ्यात मोठा मासा उचलून त्यांनी खाडीत टाकला.