विश्वकर्म्यापुढचं ड्रॉइंग

फोटोत विश्वकर्मा भगवान होते. समोर नारळ होता, केळी होती, पेढ्यांचं ताट होतं. आणि त्या ताटामागे, हळदकुंकू लावून, झेंडूचा हार घालून, फ्रेममध्ये ते ड्रॉइंग उभं होतं, जे चार माणसांखेरीज कोणाच्याही नजरेला पडू देणार नाही असं मी सही करून लिहून दिलं होतं.

"कसा आला फोटो?" काकाजींनी विचारलं.

"चांगला आला," मी म्हणाले. फोटो खरंच चांगला होता. अक्षरसुद्धा वाचता येत होतं.

काकाजी म्हणजे आमच्या फॅक्टरीचे मालक. घराणं मूळचं वर्ध्याकडचं, घर रायपूरच्या पुरानी बस्तीत. उरला इंडस्ट्रियल एरियातले सगळे त्यांना सेठजी म्हणत, आम्ही मराठी माणसं काकाजी. रायपूर नुकतंच राजधानी झालं होतं. शहरभर बांधकामं चालू, त्यामुळे ज्याच्याकडे भट्टी तो सळ्या काढत होता. काकाजींना सळ्या काढायच्या नव्हत्या. त्यांना विमानात जायचं होतं. स्वतः नव्हे, त्यांच्या धातूनं. आम्ही निकेलच्या मिश्रधातूच्या रिंगा फोर्ज करायचो, म्हणजे लाल करून, ठोकून घडवायचो. फार खटपटीनंतर हैदराबादच्या एका कंपनीचं काम मिळालं. ती कंपनी परदेशातल्या विमान-इंजिनवाल्यांना सुटे भाग द्यायची. मी आमच्याकडे क्वालिटी मॅनेजर.

कामाबरोबर ड्रॉइंग आलं आणि ड्रॉइंगवरच स्पेसिफिकेशन छापलेलं होतं. धातूत काय किती असावं, किती तापवावं, किती वेळ ठेवावं, कसं थंड करावं. पाककृतीच म्हणा. फक्त ही पाककृती एक्स्पोर्ट कंट्रोल्ड होती. ज्या देशाची ती आहे, त्या देशाच्या परवानगीशिवाय ती दुसरीकडे जाता कामा नये. आमच्यासाठी परवानगी काढलेली होती, तीही नावानिशी. काकाजी, मी, प्रॉडक्शनचे ढोकेभाऊ आणि भट्टीवरचा ऑपरेटर. बस.

लोकांना वाटतं, एक्स्पोर्ट म्हणजे कंटेनर आणि जहाज. इथे तसं नाही. फोनवर आकडा सांगितला, ईमेल केला, परदेशी पाहुण्याला कागद दाखवला, की झाला एक्स्पोर्ट. खुर्चीतून न उठता माणूस गुन्हेगार होऊ शकतो.

ड्रॉइंग कुलपात असे. एक किल्ली माझ्याकडे, दुसरी काकाजींकडे, कारण ते मालक. जबाबदार व्यक्ती म्हणून सही मात्र माझी.

आणि मग आली विश्वकर्मा पूजा. आमच्याकडे त्या दिवशी मशिनं बंद असतात, धुऊनपुसून त्यांना हार घालतात, गेट सताड उघडं असतं. कामगारांच्या घरची मंडळी येतात, शेजारच्या फॅक्टरीवाले येतात. काकाजींच्या वडिलांनी यात एक प्रथा घातली होती. वर्षातलं सगळ्यात मोठं काम देवापुढे ठेवायचं. एका वर्षी कुठल्याशा शाळेचं लोखंडी फाटक ठेवलं होतं म्हणे, आणि देव फाटकामागे दिसेनासे झाले होते. हे काम आलं त्या वर्षी पूजेच्या दिवशी मी सॅम्पल घेऊन भिलाईच्या लॅबमध्ये होते.

"काकाजी, हे ड्रॉइंग बाहेर कसं आलं?"

"मीच काढलं. देवापुढे ठेवाले. देव काय झेरॉक्स काढून राहिला?"

"किती जणांनी पाहिलं?"

"सगळ्यांनीच. पाया पडले, प्रसाद घेतला, गेले."

"आणि हा फोटो?"

"मीनलले पाठवला ईमेलनं. पूजेले येता नाही आलं म्हणून पोट्टी हिरमुसली होती."

मीनल ही त्यांची मुलगी. ती सिंगापूरला हॉटेल मॅनेजमेंट शिकत होती.

मी खुर्चीत बसले. "काकाजी, आपण एक्स्पोर्ट केलं."

"कुठं? आपला माल तर अजून भट्टीतच आहे."

मी समजावून सांगितलं. काकाजींच्या चेहऱ्यावरचं तेज एकेक पायरी उतरत गेलं. त्यांनी ढोकेभाऊंना बोलावलं. ढोकेभाऊंनी कॉम्प्युटरला नाक लावलं.

"हार आहे ना वर, मॅडम. अर्धं तर झाकलंच आहे."

ही आशा होती. आम्ही फोटो मोठा केला. खरी भीती होती ती तापमान आणि वेळेच्या तक्त्याची. ती या पाककृतीतली फोडणी. तक्ता नेमका हाराखाली आला होता. मग तीन मोठी माणसं एकमेकांची डोकी आपटत झेंडूचं एकेक फूल तपासायला लागली. इथे पाकळी, इथे पान, इथे पुन्हा फूल. आणि मग दोन फुलांच्या मधल्या फटीत एक ओळ. स्वच्छ, वाचता येणारी.

"अजून थोडा दाट घ्याचा होता हार," काकाजी हळूच म्हणाले.

ढोकेभाऊ सरळ झाले. "मीनलले फोन करा. डिलीट कर म्हणा. विषय संपला."

काकाजींनी फोन उचलला. मी रिसीव्हरवर हात ठेवला. "डिलीट नको. उद्या कोणी विचारलं तर आपण लपवलं असा अर्थ होतो. आधी हैदराबादला सांगायचं."

"सांगता काहून?" ढोकेभाऊ म्हणाले. "कोनाले समजते?"

"काम जाईन, मॅडम," काकाजी म्हणाले. "नवी भट्टी याच कामावर उभी केली मी."

"सांगितलं तर कदाचित जाईल. न सांगता कळलं तर नक्की जाईल, आणि माझी सही आहे. मग या धंद्यात मला कोणी सॅम्पलसुद्धा उचलू देणार नाही."

काकाजींनी फोन माझ्याकडे सरकवला. "आधी पोट्टीशी बोलून घ्या. मंग करा काय कराचं ते."

मी स्पीकर लावला. मीनलला मराठी समजतं, पण उत्तर हिंदीतच येतं.

"मीनल, पप्पांनी पाठवलेला फोटो आहे ना तुझ्याकडे? डिलीट नाही ना केला?"

"डिलीट क्यों करूँगी आंटी? मैंने तो बड़ा प्रिंट निकाल के हॉस्टल के नोटिस बोर्ड पे लगा दिया. सबको बहुत पसंद आया. वो बीच में जो फ्रेम है ना, सब पूछ रहे थे, ये कौन से भगवान हैं."

काकाजींनी डोळे मिटून घेतले. ढोकेभाऊ उगाच पंखा वाढवायला गेले, तो आधीच पाचवर होता.

"बाळा, त्या बोर्डापाशी जा आणि बघ, फ्रेममधलं वाचता येतं का."

ती गेली. फोनमधून कोणाच्या तरी चपलांचा आवाज, कोणाचं तरी हसणं ऐकू येत होतं. आम्ही तिघे स्पीकरकडे असे बघत होतो, जणू त्यातून निकाल छापून बाहेर येणार होता.

"थोड़ा थोड़ा पढ़ने में आता है," मीनल म्हणाली.

मी तिला तो प्रिंट बोर्डावरून उतरवून पाकिटात बंद करायला सांगितलं. फाडायचा नाही, कोणाला दाखवायचा नाही, काही पुसायचं नाही. मग हैदराबादला फोन लावला.

तिथे हे नियम सांभाळायला अय्यर साहेब होते. त्यांना हसताना पाहिलेला माणूस मला भेटलेला नाही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"मूळ ड्रॉइंग कोणासमोर ठेवलं होतं?"

"देवासमोर, सर."

"त्यांचं नाव यादीत आहे?"

ते विनोद करत होते की नाही, मला आजही माहीत नाही. पुढचं वाक्य मात्र स्पष्ट होतं. "काम थांबवा. मी येतोय."

भट्टी थंड झाली. ढोकेभाऊ रोज तिला एक फेरी मारायचे, दवाखान्यात नातेवाइकाला बघायला जावं तसे. माझी झोप गेली. घरी फोन वाजला तरी मी भाजी करपवायची.

अय्यर साहेब आले. कपाट बघितलं, कुलूप बघितलं, हळदकुंकवाने माखलेलं ड्रॉइंग हातमोजे घालून बघितलं. काकाजींनी मागवलेल्या कचोरीला हात लावला नाही. शेवटी त्यांनी काकाजींना समोर बसवलं.

"का काढलंत बाहेर? तुम्हाला नियम माहीत होता."

मला वाटलं, काकाजी परंपरा सांगतील. ते थोडे पुढे सरकले.

"साहेब, माझ्या बापानं फाटकं बनवली. मी विमानाचं काम आणलं. अन् कोनाले दाखवाची सोय नाही. बायकोले नाही, भावाले नाही. मंग म्हटलं, देवाले तरी दाखवावं."

अय्यर साहेबांनी हे वाक्य जसंच्या तसं लिहून घेतलं. तेवढ्यानं मला आणखी धास्ती वाटली.

त्यांचा रिपोर्ट परदेशी कंपनीकडे गेला, तिथून तिकडच्या सरकारकडे. आम्ही वाट बघत राहिलो. पावसाळा सरला, दिवाळी आली, काकाजींनी त्या वर्षी फराळाला कोणालाच बोलावलं नाही. मग उत्तर आलं. तक्त्यातल्या दिसलेल्या एका ओळीवरून पाककृती तयार होत नाही. पुरवठादाराने स्वतःहून कळवलं, काही नष्ट केलं नाही. ताकीद देऊन प्रकरण बंद. काम चालू ठेवायला हरकत नाही, पण एक अट होती. यादीतून एक नाव कमी करायचं, आणि त्या नावाकडची किल्ली जमा करायची.

काकाजींनी किल्ली माझ्या टेबलावर ठेवली आणि गेले. पहिली रिंग भट्टीतून निघाली त्या सकाळी ते माझ्या केबिनच्या दारात आले. आत ड्रॉइंग टेबलावर उघडं होतं, म्हणून मी हात आडवा केला.

"येत नाही आत," ते म्हणाले. "इथूनच विचारतो. बरोबर आली?"

"आली."

"किती तापवली?"

"ते नाही सांगता येणार, काकाजी."

त्यांनी मान हलवली. आपल्याच फॅक्टरीत आपल्यालाच नकार मिळाला याचं त्यांना चक्क समाधान वाटलेलं दिसलं. "मंग काम खरंच मोठं आहे," असं म्हणून ते निघून गेले.

तेव्हापासून मी किल्ली देताना माणूस चोर आहे का हे बघत नाही. तो त्या कामावर फार खूश तर नाही ना, एवढंच बघते.