चोर कोणत्या ओळीत

माझ्या मित्राचं डोकं बिघडत चाललं होतं आणि त्याच्या बायकोच्या ते लक्षात आलं नाही, असं धानोऱ्यात त्याचे नातेवाईक म्हणतात. हे खोटं आहे. वहिनींच्या ते सगळ्यांत आधी लक्षात आलं होतं. त्यांनी मला विचारलं होतं आणि मी त्यांना गप्प केलं होतं.

आम्ही दोघं एकाच आश्रमशाळेत गणित शिकवायचो. एकमेकांना 'गुरुजी' म्हणायचो, ते आधी थट्टेनं आणि मग सवयीनं. बीजगणिताला कंटाळलेल्या पोरांसाठी त्यानं एक खेळ काढला होता. फळ्यावर तो ओळीमागून ओळ मांडत जायचा, प्रत्येक ओळ सरळ दिसायची, आणि शेवटी दोन बरोबर एक निघायचं. मग हात झटकून म्हणायचा, "चोर पकडा. कोणत्या ओळीत लपला?"

त्याचा सगळ्यात जुना चोर सोपा होता. सुरुवातीलाच अ आणि ब सारखे धरायचे. मधल्या एका ओळीत दोन्ही बाजूंना 'अ वजा ब' येतं, ते पोरं खुशाल काटून टाकतात. पण अ आणि ब सारखेच असतील तर अ वजा ब म्हणजे शून्य, आणि शून्यानं भागता येत नाही. म्हणून त्याच्या वर्गात 'काटलं' या शब्दाला बंदी होती. "काटलं म्हणाल तर फसाल," तो म्हणायचा. "भागलं म्हणा. भागलं म्हटलं का आपोआप विचारावं लागते, कशानं भागलं."

निवृत्तीनंतर खेळ त्याच्या ओसरीवर आला. भिंतीवर त्यानं काळा रंग मारून घेतला होता. रविवारी मी जायचो, तो मांडायचा आणि मी चोर शोधायचो. शिकवण्यातलं माझ्याजवळ तेवढंच उरलं होतं.

एकदा पावसाळ्यात त्यानं चार बरोबर पाच काढून दाखवलं. त्याचा चोर वर्गमूळ घेताना लपला होता, तिथं त्यानं चिन्ह गिळलं होतं. तो मी पकडला. पण वरच्या ओळीत सोळातून छत्तीस वजा करून त्यानं उणे तीस लिहिलं होतं. पलीकडे पंचवीसमधून पंचेचाळीस, तेही उणे तीस. खरं तर दोन्ही उणे वीस.

"आज दोन चोर काय, गुरुजी?" मी विचारलं.

त्यानं दोन्ही उणे तीसवरून बोट फिरवलं. मग हसला. "एक तुमच्यासाठी, एक माह्यासाठी."

मीही हसलो. घरी जाताना मात्र ते उणे तीस डोक्यातून जाईना. पुढच्या रविवारीही तसंच. चोर दोन, कधी तीन. त्यातला मुद्दाम बसवलेला कोणता आणि आपोआप शिरलेला कोणता, हे मला हळूहळू सांगता येईनासं झालं. मी त्याला नवी चलाखी म्हणायचो.

धान कापणीच्या सुमारास वहिनींनी मला दारापाशी थांबवलं. तो आत चष्मा शोधत होता.

"भाऊजी, हे काल बाजारातून निघाले अन् शाळेकडं गेले. चौकीदारानं आणून सोडलं. म्हणे, तास आहे माहा. पोराले फोन करू काय नागपूरले?"

"वहिनी, ज्याले चार बरोबर पाच करता येते त्याच्या डोक्याले काय झालं? तो माह्यापेक्षा हुशार आहे अजून."

"खरं सांगून राह्यले?"

"खरंच. वय झालं, दुसरं काही नाई."

गणितातलं मला कळतं, असं त्या धरून चालल्या होत्या. त्यांनी फोन केला नाही. मी असं का बोललो? आजार म्हटला असता तर पोरगा त्याला घेऊन गेला असता आणि माझे रविवार संपले असते. मैत्रीच्या नावाखाली मी हेच लपवलं.

पुढं मोहफुलं पडायला लागली. एका सकाळी गेलो तर तो फळ्यासमोर उभा, सदऱ्याला खडू लागलेला.

"गुरुजी, मले दोन अन् एक सारखे येऊन राह्यले. सकाळपासून काही केल्या जमून नाई राह्यलं."

मला वाटलं, खेळतो आहे. मग त्याचे डोळे दिसले. तो घाबरला होता. फळ्यावर तोच होता, त्याचा सगळ्यात जुना चोर.

मी त्या ओळीवर बोट ठेवलं. "इथं काय केलं?"

"काटलं."

"कशानं भागलं, गुरुजी?"

"भागलं नाई. काटलं."

त्यानं सगळं पुसलं आणि पुन्हा पहिल्यापासून मांडलं. अक्षर तेच, सुरेख. त्याच ओळीत तेच केलं आणि पुन्हा दोन बरोबर एक. "कुठी चुकलो मी?" मी त्याला शून्य लिहून दाखवलं. तो म्हणाला, "हे तर बरोबर आहे," आणि परत पुसायला लागला. माझ्याजवळ दुसरं काही नव्हतं. आयुष्यभर पोरांना जे शिकवलं तेवढंच होतं, आणि ते त्याच्याकडूनच आलेलं.

वहिनी शेताच्या धुऱ्यावरच्या मोहाखालून फुलं वेचून परत आल्या होत्या. टोपली डोक्यावरच होती. त्यांनी फळा पाहिला, मला पाहिलं. टोपली खाली ठेवली आणि आत जाऊन फोन लावला.

नागपूरच्या डॉक्टरांनी विचारलं म्हणे, इतक्या उशिरा काऊन आणलं. वहिनींनी माझं नाव घेतलं नाही. आजतागायत घेतलेलं नाही. औषधं देऊन त्याला परत घरीच आणलं; आता तो दिवसभर ओसरीवर फळ्यासमोर बसून असतो.

परवा त्यांची नणंद आली होती. ओसरीवर बसून तेच चाललं होतं, घरात राहून बाईले दिसलं कसं नाई. मी म्हणालो, "बाई, त्यायले दिसलं होतं. त्यायनं मले विचारलं. मीच नाई म्हटलं."

"तुम्ही बाहेरचे, भाऊ," ती म्हणाली. "तुम्हाले काय दोष. घरात तर ती होती."

मी पुन्हा सांगितलं, बाजाराचं, चौकीदाराचं, सगळं. तिनं मान हलवली. माझ्या भल्या स्वभावाचं तिला कौतुक वाटत असावं. म्हणून आता हे लिहून ठेवतो आहे.

त्या दिवशी तेवढ्यात आतून वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, त्यायले खडू द्या ना. मघापासून हात हलवून राह्यले."

मी दिला.